डोमाभाऊंच्या अळ्या

डासांच्या अळ्या कुणाकडे मागायच्या असतील तर आधी चांगली ओळख वाढवावी लागते, हे मला गडचिरोली जिल्ह्यात जाईपर्यंत माहीत नव्हतं. विरजण, कढीपत्ता, फार तर शेजारणीची नथ मागणं वेगळं. अळ्या मागितल्या की समोरचा माणूस आधी रागावतो, मग चहा देतो आणि शेवटी शेजाऱ्याचं घर दाखवतो.

आम्ही इचलकरंजीची माणसं. माझा कांदा-लसूण चटणीचा घरगुती व्यवसाय आहे. आमचे हे चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, हे पाण्यातल्या किड्यांकडे वळले. जिन्याखाली प्लास्टिकचे ट्रे, ट्रेमध्ये पाणी, पाण्यात कसलीतरी सहा पायांची मंडळी आणि शेजारी मांडी घालून चित्र काढत बसलेले हे. चतुर म्हणून जो चार पंखांचा कीटक आपण उडताना बघतो, त्याचं बालपण पाण्यात जातं आणि ते सगळं बालपण तो डासांच्या अळ्या आणि मिळेल ते खाण्यात घालवतो, ही माहिती आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळते. पाहुणे चहा लवकर संपवतात.

अशा माणसाला आमंत्रण आलं. यांचा जुना विद्यार्थी सागर चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावात ग्रामसेवक आहे. त्याचा फोन आला, "सर, इथं पाऊस ओसरल्यावर नदीच्या पात्रात डोह राहतात. त्यात डास होतात म्हणून गावातले एकजण ड्रमभर जळकं तेल ओतायचं म्हणताहेत. मासेमारी करणाऱ्या बायका म्हणतात, आमचे मासे मरतील. सभा लावलीय. तुम्ही तुमचे ते किडे दाखवाल का?"

"तुमचे ते किडे दाखवाल का" हे वाक्य ऐकायला हे बहुधा जन्मापासून थांबले होते. मी तिकिटं काढली तेव्हा यांची पिशवी भरून झाली होती. तिच्यात दोन कपडे होते आणि माझ्या तीन चहाच्या गाळण्या.

गावाचं नाव मी लिहीत नाही. "आमच्या गावात मच्छर हायेत असं कुठी छापून याले नको," अशी अट तिथल्या आशा कार्यकर्तीनं घातली आहे.

चंद्रपूर ते नदी

चंद्रपूरला सागर जीप घेऊन आला होता. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात हे बघून मी आधी दचकले. दुसऱ्या घासाला आमच्या चटणीचा या लोकांना काही उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आलं. पिशवीत भेट म्हणून आणलेली पाकिटं मी जरा खाली ढकलली.

दसरा होऊन गेला होता, तरी ऊन आमच्या वैशाखाचं होतं. मूल गाव सोडल्यावर रस्त्याला दोन्हीकडून साग लागला. पुढे धानाची शेतं. आमच्याकडे ऊस असा उभा असतो की पलीकडचं काही दिसत नाही. इथे धान कंबरेइतकं, पिवळं पडायला लागलेलं आणि त्याच्यावर चतुरच चतुर. यांनी जीप चार वेळा थांबवली. सागर मागे वळून मला म्हणाला, "काकू, शाळेतही सर असेच होते. खिडकीत पक्षी आला की तास संपायचा."

दुपारी सागरच्या खोलीवर जेवलो. भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्यात घातलेले सुके झिंगे. झिंगे म्हणजे बारीक कोळंबी. ते याच डोहांतले होते. जेवण घेऊन आल्या होत्या पारबताबाई. मासेमारी करणाऱ्या बायकांच्या पुढारी, चणीनं लहान, आवाजानं मोठ्या.

"तेल टाकलं का हे नाई भेटनार," त्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ते सांगा सभेत."

"मी ते सांगणार नाही," हे म्हणाले. "मी डासांचं सांगणार आहे. तेलानं अळ्या मरतात, पण त्यांना खाणारेही मरतात. मग पहिले परत येतात ते डास. खाणारे येईपर्यंत हंगाम जातो."

पारबताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर लय लंबं सांगतेत का जी?"

"लंबं सांगतात," मी म्हटलं.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर नदीवर गेलो. वैनगंगा इथे इतकी रुंद की पलीकडचं गाव रेघेसारखं दिसतं. मुख्य धार लांब गेली होती आणि अलीकडे वाळूत डोह राहिले होते. कुठला घराएवढा, कुठला खोलीएवढा. हे विजार गुडघ्यावर गुंडाळून पहिल्याच डोहात शिरले. गाळणी तळातून ओढली की चिखल वर यायचा आणि त्या चिखलात काहीतरी चालायचं. चपट्या पोटाची, मातकट, चेहऱ्यावर मुखवटा असल्यासारखी चतुराची पिल्लं. काडीसारखा पाणविंचू. पाठीवर झोपून वल्ही मारत जाणारे बारके किडे. त्यांतल्या एकानं यांच्या अंगठ्याला डंख केला. हे ओरडले आणि ओरडताना त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की पारबताबाई मागे सरकल्या.

"चावला ना जी? मंग हासून काऊन राह्यले?"

"उताणा पोहणारा!" हे म्हणाले. "हाच! हाच अळ्या खातो!"

"आमच्या जाळ्यात येते हा. आमी फेकून देतो. ना खाच्या कामाचा, ना इकाच्या."

अंधार पडायच्या आत यांनी पाच-सहा डोह धुंडाळले. प्रत्येकात खाणारे भरपूर आणि डासाची अळी एकही नाही. हे इतके खूश झाले की वाळूत बसूनच राहिले. "बघितलंस? खाऊन संपवल्यात! हाच पुरावा!"

सागर डोकं खाजवत उभा होता. "सर, पण सभेत लोकांना दाखवायचं काय? अळ्या नाहीत हे कसं दाखवणार? रिकामं पाणी दाखवलं तर म्हणतील, नळाचं आणलंय. एका ट्रेमध्ये अळ्या सोडायला हव्यात आणि लोकांसमोर त्या खाल्ल्या जायला हव्यात."

"मग अळ्या आणूया की," हे म्हणाले. "डासांवरून सभा आहे ना? गावात असतीलच."

गावात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अळ्या मागायला निघालो.

पहिलं घर आशा कार्यकर्तीचं, म्हणजे वनिताताईंचं. तापाच्या रुग्णांचं रक्त तपासायचं, गोळ्या द्यायच्या, मच्छरदाण्या लावायला लावायच्या, घराघरातली रांजणं उपडी करायला लावायची, हे सगळं त्या करतात. आमचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात झुरळ शोधत होते.

"माह्या गावात अळ्या नाईत," त्या म्हणाल्या. "दर हप्त्याले कोरडा दिवस पाळतो आमी. पाहा तुमी, कोन्या बी घरी पाहा."

आम्ही पाहिलं. बाईमाणसांशी बाईनं बोलावं म्हणून मला पुढे केलं. मी हातात स्टीलचा डबा घेऊन दारोदार म्हणत गेले, "बाई, तुमच्याकडे डासाच्या अळ्या आहेत का हो? थोड्या चालतील." एकीनं नाही म्हणत दार लावलं आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. दुसरी म्हणाली, "आमच्या इथी नाई. थ्या बाजूच्या घरी पाहा, तिचं लक्ष नसते." बाजूच्या घरची म्हणाली, "कोन सांगलं तुमाले? तिनं?" आणि कुंपणापलीकडून दोघींचं जे सुरू झालं त्यात मी डबा घेऊन मधोमध. एक बाई मला चुलीजवळ नेऊन हळूच म्हणाली, "काल होत्या जी. तुमी येनार म्हनून सकारीच फेकल्या."

आम्ही तपासणीला आलोय असा गावाचा समज झाला होता. दुपारी तो बदलला आणि आम्ही अळ्या विकत घेतो असा झाला. मग माणसं डबे, लोटे, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन सागरच्या खोलीवर यायला लागली. कुणी बेडकाची पिल्लं आणली, कुणी गांडुळं. एका आजोबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून जिवंत मरळ आणली आणि "ह्याच्या पोटात असन" म्हणाले.

संध्याकाळ झाली. मी ओट्यावर बसले होते. माझ्या हातांवर, पायांवर, मानेवर गांधी उठल्या होत्या. डास चावत होते, व्यवस्थित, निवडून चावत होते, आणि त्यांना जन्म देणारी अळी म्हणून कुठे सापडत नव्हती. या गावातले डास सगळे पोरके होते.

 सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

डोमाभाऊंचं अंगण

सभेच्या दिवशी सकाळीच एक उंच, रापलेला माणूस सागरच्या दारात आला. डोमाभाऊ. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतात. तेल त्यांचंच.

"तुमी माह्या इरोधात आले म्हंतेत," ते यांना म्हणाले. "असू द्या. पन पाहुने हाव. चहा माह्या घरी."

नाही कसं म्हणणार? अंगणात ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि एका कडेला तो ड्रम. पावसाचं पाणी तेलात जाऊ नये म्हणून वर निळी ताडपत्री दोरीनं बांधलेली. डोमाभाऊंच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, चहा आणला. बारीक झालेल्या, केस विरळ झालेल्या.

"मागच्या साली हिले ताप आला," डोमाभाऊ म्हणाले. "मेंदूत गेला म्हने मलेरिया. चामोर्शीहून गडचिरोलीले नेलं. चार दिस हिनं मले वळखलं नाई. मले म्हने, तुमी कोन जी, माह्या घरच्याले बलावा." त्यांनी कप बाजूला सारला. "मी नदीले सोडनार नाई सर. तुमी किडे दाखवा का हत्ती दाखवा."

 यांच्या खिशात सभेसाठी पाठ केलेलं भाषण होतं, पण या माणसासमोर ते निघणार नव्हतं.

मी कप ठेवायला उठले. ड्रमजवळून जाताना ताडपत्रीकडे नजर गेली. मधोमध ती खोलगट झाली होती, तिच्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात शेकडो काळे स्वल्पविराम वर-खाली करत होते.

आदल्या दिवशी सबंध गावात जे मिळालं नव्हतं ते समोर होतं. मला ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना. मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याजवळ आल्या, वाकून बघितलं आणि नवऱ्याकडे वळल्या.  डोमाभाऊ आले. बघितलं. उभ्या उभ्या त्यांचा सगळा चेहरा उतरला.

"माह्याच दारात?" ते म्हणाले. "म्हंजे हिले... माह्या ड्रमातून?"

हे पटकन पुढे झाले. वाकून त्यांनी ताडपत्रीवर नाक टेकवलं. "नाही, नाही. बघा, डोमाभाऊ. या अळ्या डोकं खाली करून तिरप्या लटकतात. मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठाला आडवी चिकटते. या चावऱ्या डासांच्या आहेत, पण त्या तापाच्या नाहीत. ताप यांनी दिला नाही."

"नक्की?"

"मी यांची चित्रं काढलीत."

माझ्या नवऱ्याच्या चित्रांनी कुणाला एवढा दिलासा दिलेला मी कधी पाहिला नव्हता. डोमाभाऊंनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मंग थ्या तापाच्या कुठी हायेत?"

"काठावर, गुरांच्या खुरांचे खड्डे असतात त्यात असतील. तिथे खाणारं कुणी पोचत नाही. आता उन्हानं ते वाळलेत. पुढच्या पावसात ते बुजवायला हवेत."

 डोमाभाऊंनी आतून पितळी गडवा आणला. मी माझा डबा पुढे केला तर त्यांनी हात आडवा धरला.

"नाई बाई. माह्या हायेत. मीच आननार सभेत."

सभा

गावाच्या चावडीसमोर मंडप होता. टेबलावर सागरनं आणलेले दोन पांढरे ट्रे. डावीकडच्या ट्रेमध्ये चतुराचं एक मोठं, चपटं पिल्लू, त्याला बसायला एक काटकी. उजवीकडच्या ट्रेमध्ये उताणे पोहणारे किडे आणि बोटाच्या पेराएवढी मासळी. सगळं गाव होतं. डोमाभाऊ गडवा दोन्ही हातांत धरून आले, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. कालपर्यंत अळी म्हटलं की दार लावणारं गाव त्यांच्याकडे आदरानं बघत होतं.

वनिताताई तेवढ्या तोंड फिरवून बसल्या होत्या.

अळ्या दोन्ही ट्रेमध्ये सोडल्या. "आता सगळ्यांनी डावीकडे बघा," हे म्हणाले. "हा सगळ्यात मोठा शिकारी. याचा खालचा ओठ हातासारखा पुढे येतो आणि अळी पकडतो."

सगळ्यांनी बघितलं. अळ्या पिल्लाच्या नाकासमोरून गेल्या. एक तर त्याच्या पाठीवर बसली. ते हललं नाही.

"झोपला का जी?" मागून कुणीतरी विचारलं.

"लोकांले लाजून राह्यला," पारबताबाई म्हणाल्या.

यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी काटकीनं पिल्लाला हळूच ढोसलं. ते काटकीवर चढलं. आणखी चढलं. पाण्याबाहेर आलं आणि बसलं. सभेत हसू पसरायला लागलं. सागर माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे.

तेवढ्यात यांनी हात वर केला आणि बारीक आवाजात म्हणाले, "थांबा. तो जेवणार नाही. तो... अहो, तो निघालाय!"

कुठे निघालाय ते कुणालाच कळलं नाही. मग पिल्लाच्या पाठीवर एक चीर पडली. त्या चिरेतून काहीतरी फिकट, ओलं, फुगत वर यायला लागलं. आधी पाठ, मग डोकं, दोन मोठे डोळे. पाय सुटले. ते मागे रेललं आणि तसंच राहिलं.

"मेला," कुणीतरी म्हणालं.

"चूप!" वनिताताई गरजल्या. त्या कधी पुढे आल्या होत्या मला कळलंही नव्हतं.

मागची माणसं खुर्च्यांवर चढली. पुढची खाली बसली म्हणजे मागच्यांना दिसेल. ते किडुक पुढे वाकलं, आपल्याच कातडीला धरून बसलं आणि शेपटी ओढून काढली. पंख म्हणजे नुसत्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्या उलगडायला लागल्या. मंडपाच्या फटीतून ऊन त्याच्यावर आलं तशी डोमाभाऊंनी छत्री उघडली आणि त्याच्यावर धरली. हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत होते, पण छत्री हलू देत नव्हते. चहा आला आणि कुणी घेतला नाही, त्यावर साय धरली.

मी किड्याकडे बघायचं सोडून माणसांकडे बघत होते. इतकी वर्षं जिन्याखाली हा माणूस एकटा बसून जे बघायचा, ते आज सगळं गाव श्वास धरून बघत होतं. हे तोंड उघडं ठेवून उभे होते. भाषण खिशातच होतं.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा चतुर पंख थरथरवत काटकीच्या टोकावर आला, छत्रीच्या काडीला धडकला, वळला आणि नदीच्या बाजूला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी नमस्कार केला.

मग सागरनं उजव्या ट्रेमध्ये बघितलं.

"सर," तो म्हणाला, "इथल्या अळ्या कुठे आहेत?"

उजव्या ट्रेमध्ये एकही अळी नव्हती. उताणे किडे तृप्तपणे वल्ही मारत होते. मासळी कोपऱ्यात गोळा झाली होती. सगळं व्हायला हवं होतं तसं झालं होतं आणि एकाही माणसानं ते बघितलं नव्हतं.

"खाल्ल्या!" हे म्हणाले. "बघा! सगळ्या खाल्ल्या!"

"कोन पाह्यलं?" एकानं विचारलं.

"मी नाई पाह्यलं."

"मीबी नाई. मी तं थे हेलिकॉप्टर पाहून राह्यलो होतो."

"पारबताबाईनं सांडल्या असन!"

"मी काऊन सांडवीन? हात तोडीन सांगनाऱ्याचा!"

डोमाभाऊ मोठ्यानं म्हणाले, "अन् माह्या अळ्या गेल्या कुठी, हे कोन सांगन?" ते मनापासून दुखावले होते. कुणी म्हणालं, पुन्हा करून दाखवा. पण डावीकडच्या अळ्या डोमाभाऊंनी झटक्यात गडव्यात भरून घेतल्या होत्या आणि आता त्या द्यायला ते तयार नव्हते. कुणी म्हणालं, चौकशी समिती नेमा. चौकशी समितीत कोण यावर वाद झाला. यांनी दोनदा "मित्रहो" म्हटलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्या गलक्यात पारबताबाई उठल्या आणि वेगळंच बोलल्या. "ते किडे राहू द्या आता. डोमाभाऊ, माह्या घरच्या खांबाले वाळवी लागून राह्यली. तेल लावलं का वाळवी जाते. बालटीभर देता का?"

सभा शांत झाली. इथे घराघराला लाकडी खांब, कुंपणाला लाकडी डांभ. वाळवी कुणाच्या घरी नव्हती?

"मलेबी पाह्यजे," एक आजी म्हणाल्या.

"माह्या गोठ्याले."

डोमाभाऊंनी बायकोकडे पाहिलं. शेवंताबाई पदर खोचून म्हणाल्या, "देऊन टाका जी. अन् ड्रम उलटा करून ठेवा."

ऊन कलायच्या आत ड्रम रिकामा झाला. बादल्या, पिंप, फुटके माठ घेऊन माणसं रांगेत उभी होती. नदीत तेल टाकायचं की नाही याचा निर्णय झालाच नाही, कारण टाकायला तेल उरलं नाही. आता घराघरात बादल्या उघड्या पडणार म्हणून वनिताताई रांगेच्या बाजूनं फिरत प्रत्येकाला बजावत होत्या.

हे ट्रे पुसत होते. "मी बोललोच नाही," ते म्हणाले. "कुणालाच काही पटलं नाही."

निघताना

सकाळी जीप यायच्या आधी नदी बघून येऊ म्हणून आम्ही वाळूवर गेलो. डोहाजवळ डोमाभाऊ आणि शेवंताबाई आधीच आले होते. डोमाभाऊंच्या हातात तो पितळी गडवा.

"ह्या उरल्या होत्या," डोमाभाऊ म्हणाले. "घरी ठेवता येत नाई, ही ओरडते. इथी टाकतो. पन मले आज माह्या डोऱ्यानं पाह्याचं हाय."

ते गुडघ्यावर बसले आणि गडवा डोहात हळूच वाकवला. अळ्या पाण्यात पसरल्या. हे त्यांच्या शेजारी बसले. थोडा वेळ काही झालं नाही. मग खालून एक उताणा किडा वल्ही मारत वर आला.

"गेली!" डोमाभाऊ ओरडले. "सर, थे पाहा, दगडाखालून कोन आला?"

"तो पाणविंचू. श्वास घ्यायला त्याला मागे नळी असते, बघा..." आणि यांचं दोन दिवस खिशात अडकलेलं भाषण सुरू झालं. डोमाभाऊ पाण्यावरची नजर न काढता "हो जी, हो जी" करत होते आणि मधूनच "गेली! अजून एक गेली!" म्हणून मांडीवर थाप मारत होते. एकाची विजार आणि दुसऱ्याचं धोतर भिजलं होतं. जीपचा हॉर्न वाजला तो दोघांनीही ऐकला नाही.

शेवंताबाई आणि मी मागे वाळूत उभ्या होतो. त्यांनी बराच वेळ त्या दोन पाठींकडे पाहिलं.

"तुमचे पयल्यापासून असेच हायेत का जी?" त्यांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा सोडला. "आमचे कालपासून."